वर्गमैत्रिणीच्या आईची किडनी की अदलाबदल?

वसईतल्या कॉन्व्हेंट शाळेतला एक बाप विचारतो: बायकोच्या किडन्या निकामी झाल्यात. तिचा रक्तगट बी, माझा ए, त्यामुळे माझी किडनी तिला जुळत नाही. मुलीच्या वर्गमैत्रिणीची आई, रक्तगट ओ, किडनी द्यायला तयार आहे. घ्यावी, की दुसऱ्या जोडप्याशी अदलाबदल करावी, म्हणजे माझी किडनी त्यांच्या रुग्णाला आणि त्यांच्या दात्याची माझ्या बायकोला?

कागदपत्रं: १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं मैत्रिणीची आई ‘जवळची नातेवाईक’ नाही. प्रत्यारोपणाला परवानगी देणारी समिती खोदून विचारणार, प्रेमापोटी की पैशापोटी? पासबुकं काढा, नाताळचे जुने फोटोही. अदलाबदलीला २०११च्या दुरुस्तीनं वाट दिली. समिती तिथेही आहेच, पण नवरा-बायकोचं नातं सिद्ध करणं सोपं.

ऑपरेशनं: दोन विरुद्ध चार. चारही शक्यतो एकाच वेळी, ऐनवेळी कुणी माघार घेऊ नये म्हणून.

ऋण: ती बाई रोज गेटवर डबा घेऊन भेटणार. अदलाबदलीत फिटंफाट.

तुम्ही धडधाकट असाल आणि ए रुग्ण, बी दाता अशी जोडी सापडली, तर अदलाबदल. तुम्हालाच मधुमेह असेल आणि किडनी देता येणार नसेल, तर मैत्रिणीच्या आईची मदत घ्या.