वाटी-कप बरे का वजनकाटा? आधी काय मोजायचंय ते बघा

बरेच जण विचारायलेत की किचनचा डिजिटल काटा घ्यावा का मोजायच्या कपांचा सेट. रोजच्या भाजी-भाकरीला दोन्ही नकोत, ज्वारीच्या पिठाला कुणी काटा लावत नसतं. अडतं ते दुसऱ्याची रेसिपी करताना, केकवाली ग्रॅममधी सांगते अन् आपल्या हातात वाटी, नाहीतर उलटं, आजीचं येसर (आमटीला लावायचं भाजून दळलेलं धान्य-मसाल्याचं पीठ) वाट्यांत अन् किराणावाला देणार किलोत.

कपाचं सगळ्यात मोठं घोळाचं काम म्हणजे "एक कप म्हणजे 250 ग्रॅम" हे जे सर्रास चालतं ते. ते पाण्याला ठीक आहे, कोरड्या जिनसांना नाही. 240 मिलीच्या कपात साखर 200 ग्रॅम बसते, कच्चा तांदूळ नि तूरडाळ पण त्याच्याच आसपास, रवा 170 च्या जवळ, पण मैदा फक्त 120-125. म्हणजे रेसिपीत 250 ग्रॅम मैदा असला अन् तुम्ही एकच कप घातला तर निम्माच पडला की. अन् काही सेट 240 चे, काही 250 चे असतात, कपावर लिहिलेलं असतं ते बघूनच घ्या.

त्यात पिठाचं अजून एक नाटक. चमच्यानं हलकं भरून वरून सपाट केलं तर 120, तोच कप डब्यात खुपसून दाबून काढला तर 150 पर्यंत जातो, कप तोच, बाई पण तीच. म्हणून केक-बिस्किटं, नानकटाई करणार असाल, त्यातून ऑर्डरी घेणार असाल तर सरळ काटा घ्या, भांडं ठेवायचं, शून्य करायचं, ओतत जायचं, भांडी पण कमी घासावी लागतात. डाळ, तांदूळ, साखर दाबली जात नाही, तिथं वाटी बिनधास्त चालते.

पण काटा सगळीकडं भारी असं पण नाही बरं का. घरगुती काटे बहुतेक एक-एक ग्रॅमनंच पुढं सरकतात, मग दोन ग्रॅम सोडा मोजताना त्याचा काही भरवसा नसतो. सोडा, बेकिंग पावडर, मीठ याला 5 मिलीचा छोटा चमचाच बरा, बारीक मीठ त्यात साधारण 6 ग्रॅम बसतं (खडेमीठ कमी).

उन्हाळ्यात काळा मसाला करताना मात्र वाटीचा विचारच करू नका. वाळलेली मिरची वाटीत कशी मोजणार, अन् धने तर इतके हलके की कपभर धने जेमतेम 80 ग्रॅम भरतात. तिथं किलो-पावशेरच.

आत्ता काहीच विकत घ्यायचं नसेल तर रव्याचं अर्धा किलोचं सीलबंद पाकीट आणा, आपल्या नेहमीच्या वाटीनं मोजत डब्यात ओता, 500 ला वाट्यांच्या आकड्यानं भागा, झालं तुमच्या वाटीचं रव्याचं वजन. साखर, मैदा, बेसन, प्रत्येकाचं असंच वेगळं काढा अन् डब्याच्या झाकणाला चिठ्ठी लावा. कपांचा सेट तरी घेऊ का म्हणाल तर कप राहू द्या, नुसते चमचे सुटे मिळतात तेवढे घ्या.