९८ कप्प्यांचा झाकणवाला रोपसंच: हंगामी फुलांसाठी कितपत कामाचा?

घरच्या बागेसाठी बी रुजवायला जे तयार संच मिळतात, त्यात बहुतेक वेळा एवढंच असतं: ९८ कप्प्यांचा काळा ट्रे, त्याखाली ठेवायचा बिनभोकाचा ट्रे, वर पारदर्शक झाकण आणि ६५० ग्रॅमची कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट. सोबत नावं लिहायच्या पट्ट्या, त्यावरची शाई आठवड्याभरात उडते, पेन्सिलीने लिहा.

थोडक्यात निकाल असा. वरचा ट्रे चांगला आहे, पण सगळ्या फुलांसाठी नाही. झाकण थोड्या दिवसांचा पाहुणा. वीट धुतल्याशिवाय वापरायची नाही. आणि ज्या वस्तूअभावी निम्मी रोपं वाया जातात ती, म्हणजे उजेड, खोक्यात नसतेच.

आधी ट्रे. साधारण ५४ बाय २८ सेंटीमीटर, ७ बाय १४ कप्पे. एका कप्प्यात जेमतेम २५ मिलिलिटर माध्यम, म्हणजे मातीऐवजी भरायचं मिश्रण, बसतं. रोप किती दिवस ट्रेमध्ये सुखाने राहील, हे या आकड्यावर ठरतं. झेंडू तिसऱ्या दिवसापासून उगवायला लागतो आणि ३ ते ४ आठवड्यांत कप्पा मुळांनी भरतो. त्यानंतर त्याला आठ दिवस जास्त ठेवलं की वाढ थांबते, खालची पानं पिवळी पडतात आणि बोटभर उंचीवरच कळी धरते. असं रोप जमिनीत गेल्यावरही फारसं पसरत नाही. झिनिया आणि कॉसमॉस तर त्याहून घाईचे, शिवाय मुळांना धक्का लागलेला त्यांना खपत नाही. या तिघांसाठी ५० कप्प्यांचा ट्रे घ्यावा. त्याच्या एका कप्प्यात ७५ मिलिलिटरच्या आसपास माध्यम मावतं आणि लागवडीला आठवडाभर उशीर झाला तरी रोप रुसत नाही. पिटुनिया, अँटिऱ्हिनम, साल्व्हिया, फ्लॉक्स, व्हर्बिना ही सुरुवातीला मंद वाढणारी मंडळी. त्यांच्यासाठी ९८ कप्प्यांचा ट्रे अगदी योग्य. पिटुनियाला लागवडीजोगं व्हायला ६ ते ८ आठवडे लागतात, त्यातला बराच काळ ते नखाएवढंच असतं.

कप्पा लहान म्हणजे फक्त जागा कमी, असं नाही. उथळ कप्प्यात पाणी नीट निचरत नाही. भोक कितीही मोठं असलं तरी माध्यमाच्या तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो, आणि कप्पा जितका बुटका तितका त्या थराचा वाटा मोठा. वरून कोरडं दिसतंय म्हणून पाणी घातलं जातं आणि खाली मुळं गुदमरतात. वर पाहून ठरवण्यापेक्षा ट्रे एका हाताने उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लावावी. दोन-तीन दिवसांत हात सरावतो. कडेचे कप्पे मात्र मधल्यांपेक्षा लवकर सुकतात, त्यांना वेगळं पाणी द्यावं लागतं.

विटेबद्दल. ६५० ग्रॅमची वीट साधारण ४ लिटर कोमट पाण्यात फुगवली की ८ ते ९ लिटर कोकोपीट होतं. एका ट्रेला अडीच लिटर पुरतं, म्हणजे नुसत्या कोकोपीटनेच तीन ट्रे भरतात. अडचण क्षारांची. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम आणि पोटॅशियम भरपूर असतं. त्यात कोवळ्या पानांच्या कडा करपतात आणि दोष बिचाऱ्या खताला लागतो. पाकिटावर ‘लो ईसी’ (ईसी म्हणजे विद्युतवाहकता, क्षारांचं माप) लिहिलेलं असलं तरी दोनदा भरपूर पाण्यात भिजवून, निथळून, पिळून घ्यावं. ईसी मीटर असेल तर पिळलेल्या पाण्याचा आकडा ०.५ mS/cm च्या खाली यायला हवा. मग ३ भाग कोकोपीट, १ भाग चाळलेलं गांडूळखत, १ भाग परलाइट (भाजून फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे). मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, इतपतच ओलं. कोरडंच भरून वरून झारी फिरवली तर पाणी कडेच्या फटीतून निघून जातं आणि मधला भाग ठणठणीत कोरडा राहतो. भरताना अंगठ्याने ठासू नये; ट्रे टेबलावर दोनदा आपटला की पुरे.

पेरणीत बियांचे स्वभाव पाळावे लागतात. झेंडूचं बी अर्धा सेंटीमीटर खोल आडवं टाकायचं. पिटुनियाचं बी म्हणजे धूळ, एका ग्रॅममध्ये सुमारे १०,०००. त्याला उजेड लागतो, त्यामुळे वर काहीही पसरायचं नाही. लेप दिलेलं बी मिळालं तर कप्प्यात एकेक टाकणं सोपं जातं, पण लेप पूर्ण विरघळेपर्यंत वर सतत ओल हवी. अर्धवट भिजून सुकलेला लेप कवचासारखा घट्ट बसतो आणि बी आतच मरतं. पॅन्झी, फ्लॉक्स, व्हर्बिना आणि सदाफुली यांना उलट अंधार लागतो. पॅन्झीला तर १८ ते २० अंशांचा गारवाही. २५ च्या वर उगवण बोंबलते. सदाफुलीला २४ ते २६ अंश मानवतात, पण जास्त ओल सोसत नाही.

इथेच झाकणाचा घोळ होतो. ९८ कप्पे दिसले की माणूस सात ओळींत सात जाती पेरतो. चौथ्या दिवशी झेंडू झाकणाबाहेर यायच्या तयारीत, आणि पिटुनियाला अजून आठवडा हवा. झाकण ठेवलं तर झेंडू लांबुळका होऊन कोलमडतो, काढलं तर पिटुनिया सुकतो. उपाय सोपा आहे: ट्रे पातळ असल्याने जाड कात्रीने कापता येतो. ओळीच्या पट्ट्या करा, एका वेगाने उगवणाऱ्या जाती एकत्र ठेवा आणि निम्मे कप्पे उगवले की ती पट्टी झाकणाबाहेर काढा. आतून थेंब ओघळायला लागले की झाकणावरच्या दोन्ही खिडक्या उघडायच्या. झाकणासकट ट्रे थेट उन्हात ठेवणं म्हणजे तासाभरात बी शिजवणं.

रोप मातीलगत दोऱ्यासारखं बारीक होऊन आडवं पडलं, तर तो मर रोग. जमिनीतल्या पिथियम, रायझोक्टोनियासारख्या बुरशा कोंदट ओलीत हे करतात. पडलेलं रोप वाचत नाही; तो कप्पा आणि शेजारचे काढून टाका, झाकण हटवा, वारा खेळू द्या. खालच्या ट्रेमध्ये पाणी साठवून ठेवणं हे याचं मोठं कारण. तो ट्रे उपयोगाचा आहे, पण असा: त्यात सेंटीमीटरभर पाणी घाला, अर्धा तास वरच्या ट्रेला पिऊ द्या, उरलेलं ओतून टाका.

उगवल्या दिवसापासून उजेड हवा. खिडकीतला पुरत नाही. रोपं एका बाजूला झुकतात आणि ताणतात. साधी पांढरी एलईडी पट्टी रोपांच्या शेंड्यापासून १० ते १५ सेंटीमीटरवर, रोज १४ ते १६ तास. पहिली खरी पानं (बीजपत्रांनंतरची) फुटली की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. त्याआधी गरज नाही.

लागवडीची वेळ झाली का, हे कप्प्यातच बघायचं. तासभर आधी पाणी द्या, खालच्या भोकातून पेन्सिलीचं बोथट टोक वर दाबा आणि रोप पानाला धरून उचला, खोडाला नाही. मुळांभोवतीचा मिश्रणाचा गड्डा अखंड निघाला, त्यावर पांढऱ्या मुळांची विरळ जाळी असली आणि मधून कोकोपीट दिसत असलं, तर नेमकी वेळ. गड्डा सुटला तर आठवडाभर थांबा. मुळं तपकिरी होऊन तळाशी गोल गुंडाळली असतील तर उशीर झाला. तळाची गुंडाळी बोटांनी हलकेच मोकळी करून लावा. त्याआधी ७ ते १० दिवस रोपांना रोज थोडं जास्त ऊन-वारं दाखवायचं. काळा ट्रे दुपारच्या उन्हात चांगलाच तापतो, म्हणून सुरुवात सकाळच्या उन्हाने.

पॉपी, लार्कस्पर, नॅस्टर्शियम यांच्यासाठी हा संच घेऊ नये. त्यांना मुळं हललेली आवडत नाहीत. जागेवरच पेरा आणि दाट उगवलं तर विरळणी करा.

टिकाऊपणाचं म्हणाल तर तळाचा पुनर्वापराच्या खुणेचा त्रिकोण बघा. आत ६ असेल तर पॉलिस्टायरिन: कडक, पण उन्हात ठिसूळ होणारं. ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन, ते जास्त वाकतं आणि सहसा कडेला चिरत नाही. पुन्हा वापरताना आधी माती पूर्ण धुवा, कारण माती उरली की ब्लीचचा जोर तिथेच संपतो. मग १ भाग घरगुती ब्लीच आणि ९ भाग पाण्यात किमान १० मिनिटं बुडवून, स्वच्छ धुऊन, वाळवून सावलीत ठेवा. रिकामे ट्रे एकात एक दाबून रचू नका. काढताना पहिली चीर तिथेच पडते.