दोन एमएमचं बिल, दोन दशांश एमएमची फरशी

बडोद्यात गोत्रीकडच्या एका टेनामेंटच्या, म्हणजे छोट्या स्वतंत्र घराच्या, गॅरेजमध्ये जे घडलं, ते थोड्याफार फरकाने बऱ्याच घरांत घडतं. म्हणून ते मोजमापांसकट लिहीत आहोत. काम करून घेणारे काका निवृत्त, व्यवहाराला चोख, सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब ठेवणारे. फरशीवर ओतायच्या इपॉक्सीच्या डब्यांचा हिशेब मात्र ठेवायचा असतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

गॅरेज १८ बाय १२ फूट, म्हणजे २१६ चौरस फूट, मीटरमध्ये २०. खाली जुना आयपीएसचा, म्हणजे घोटलेल्या सिमेंटचा, कोबा, मधोमध इंजिन ऑइलचे काळे डाग. कोटेशनमध्ये एकच ओळ होती: ‘२ एमएम सेल्फ लेव्हलिंग इपॉक्सी, ११० रुपये चौरस फूट, १० वर्षं वॉरंटी.’ एकूण २३,७६० रुपये, त्यातले सत्तर टक्के आधी. जाडीचं काय, असं काकांनी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, “काका, टेन्शन नहीं लेवानुं.” ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवसांत काम उरकलं. फरशी आरशासारखी चकाकत होती, आणि “उद्या गाडी लावा” असं सांगून मंडळी गेली.

खरी चोरी कोटेशनच्या त्या एका ओळीतच होती, आणि ती पकडायला तिसरीतला गुणाकार पुरतो. एक चौरस मीटरवर एक लिटर पसरलं की जाडी होते १ मिलिमीटर. म्हणजे २० चौरस मीटरवर २ मिलिमीटर हवे असतील तर ४० लिटर माल हवा. सेल्फ लेव्हलिंग इपॉक्सीत भराव असतो, त्यामुळे लिटरचं वजन दीड किलोच्या आसपास जातं. हिशेब सुमारे ६० किलोंवर येतो, शिवाय चार-पाच किलो प्रायमर वेगळा. त्या गॅरेजात आले होते पाच-पाच किलोंचे दोन सेट आणि पाच लिटर थिनर.

आता उलटा हिशेब. १० किलो माल म्हणजे साधारण साडेसात लिटर. हा रंग थिनरवाला, त्यात सुकल्यावर मागे राहणारा भाग निम्माच, बाकीचा हवेत उडून जातो. राहिले पावणेचार लिटर. ते २० चौरस मीटरवर पसरले की जाडी येते ०.१९ मिलिमीटर. वरून ओतलेलं थिनर जाडीत काहीच भर घालत नाही, उलट वाढवतं ती फुगे आणि नरमपणा. नंतर निघालेला पापुद्रा स्क्रू गेजमध्ये धरला तेव्हा ०.२ आला. बिलाच्या दहाव्या हिश्श्याचा माल. ज्या गावात १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली, तिथे हा गुणाकार कंत्राटदाराच्या भरवशावर सोडावा, याचं जरा वाईट वाटतं.

म्हणून कोटेशनमध्ये मिलिमीटरच्या शेजारी किलो लिहून घ्या. कुठल्या कंपनीचा, कुठल्या नावाचा माल, किती किलो, ए (राळ) आणि बी (हार्डनर) भागांचं प्रमाण काय, ‘व्हॉल्यूम सॉलिड्स’, म्हणजे सुकल्यावर मागे राहणारा भाग, किती टक्के. हा शेवटचा आकडा कंपनीच्या टीडीएसवर, म्हणजे तांत्रिक माहितीच्या कागदावर छापलेला असतो. २ मिलिमीटरच्या कामाला तो शंभराच्या जवळ हवा. पन्नास-साठ असेल तर तो माल फरशीला लावायचा रंग आहे. इपॉक्सीचाच, पण रंग. डबे सीलबंद आले का ते बघा, बॅच नंबरचे फोटो काढा, आणि रिकामे डबे शेवटचा हप्ता देईपर्यंत घरातच ठेवा. “कचरा आम्ही नेतो” ही सेवा फार तत्परतेने मिळते. त्याचं कारण एवढंच की रिकामे डबे मोजता येतात.

मोजायचं राहून गेलं तरी हत्यारं बघूनही कळतं. सेल्फ लेव्हलिंग माल बादलीतून थेट फरशीवर ओततात, दातेरी पट्टीने ओढतात, मग खिळ्यांचे बूट घालून आत शिरतात आणि काटेरी रोलर फिरवून हवा काढतात. भिंतीला रंग द्यायचा लोकरी रोलर आणि ट्रे घेऊन मुलगा आला, तर २ मिलिमीटर होणार नाहीत, मग बोलणारा कितीही गोड बोलो. तीच गोष्ट मिसळण्याची. ए आणि बी वजनकाट्यावर, नाहीतर कंपनीने भरून दिलेल्या पुऱ्या सेटमध्येच मिसळायचे, कमी वेगाच्या ड्रिलला पाती लावून, निदान तीन मिनिटं, तळ आणि कडा खरवडत. लाकडाच्या फळीने अंदाजपंचे ढवळलेला माल काही जागी कडक होतो आणि काही जागी महिनोन्‌महिने चिकट राहतो. हार्डनर महाग, म्हणून तो कमी घालायचा मोहही असतो.

पण या गॅरेजात रंग पातळ होता एवढंच झालं नाही. तो धरलाही नाही. दिवाळीला टायरखालची जागा फिक्या ठशांनी भरली, आणि डिसेंबरात चारही टायरांच्या जागेवरचा रंग पापड निघावा तसा निघाला. गावाहून आलेल्या गाडीचे टायर गरम असतात. ते थंड होताना आकसतात आणि खालच्या थराला ओढतात, रबरातली तेलं त्या थराला नरमही करतात. चांगला धरलेला थर हे सहन करतो, वरवर बसलेला निघून येतो.

निघालेला पापुद्रा फेकू नका, पालथा करून बघा. सगळी कुंडली तिथे असते. पाठीला काँक्रीटचे करडे कण, वाळूसकट घट्ट चिकटले असतील, तर थर धरला होता, खालचा कोबाच कच्चा निघाला. पांढरी भुकटी असेल तर वरची सिमेंटची साय न काढताच काम केलंय. पाठ स्वच्छ, गुळगुळीत असेल तर खाली तेल होतं किंवा फरशी घासलीच नव्हती. काकांच्या पापुद्र्यावर मधे भुकटी होती आणि ऑइलच्या डागांच्या जागी पाठ आरशासारखी.

‘सरफेस प्रिपरेशन’ म्हणून बिलात वेगळे ३,००० लावले होते. प्रत्यक्षात झालं काय? तेजाब पातळ करून ओतलं, झाडूने घासलं, पाण्याने धुतलं. तेजाबाने तेल जात नाही, आणि नीट धुतलं नाही तर क्षार मागे राहतात. लागतो तो हिऱ्याचा कप व्हील लावलेला ग्राइंडर आणि त्याला जोडलेला व्हॅक्यूम. २० चौरस मीटरला हाताच्या मशीनने अर्धा दिवस सहज जातो, धूळ आणि आवाज इतका की शेजारी विचारायला येतात. शेजारी आले नाहीत तर ग्राइंडिंग झालं नसावं. झाल्यावर हात फिरवा: मध्यम पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागलं पाहिजे. मग ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाका. मिनिटभरात मुरले तर ठीक. मोत्यासारखे उभे राहिले तर तिथे तेल किंवा जुनं सीलर आहे, पुन्हा घासा. नवा कोबा असेल तर २८ दिवस आधी इपॉक्सीचं नाव काढू नका.

दुसरी चूक पावसाळ्याची. बडोद्याच्या काळ्या मातीवर, खाली प्लास्टिक न घालता ओतलेले जुने कोबे ऑगस्टमध्ये खालून ओल ओढत असतात. वर इपॉक्सीचं झाकण बसलं की ओलीला जायला वाट राहत नाही, आणि फोड येतात. तपासणी फुकट आहे: दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून फरशीवर चिकटवा, निदान १६ तास ठेवा. उचलल्यावर खाली थेंब दिसले किंवा कोबा काळवंडला, तर त्या फरशीवर साधं इपॉक्सी लावूच नये. शिवाय हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि फरशीचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर हवं. नाहीतर थरावर तेलकट, पांढुरकी साय येते. इथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा बरा काळ. मे महिन्यात उलटी पंचाईत: बादलीतला माल निम्म्या वेळात घट्ट होतो, त्यामुळे काम पहाटे सुरू करावं लागतं. आणि “उद्या गाडी लावा” कधीच नाही. चालायला २४ तास, गाडीला सात दिवस.

ओल जात नसेल तर आमचं मत स्पष्ट आहे: कोटा घाला. दिसायला साधा, पण ओलीने सोलत नाही, आणि एखादी लादी फुटली तर तेवढीच बदलता येते. चकाकीच हवी असेल तर ओल सोसणारं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं, काँक्रीट असतं, ४ ते ६ मिलिमीटर. खर्च बराच जास्त. गॅरेजचं तोंड पश्चिमेला असेल आणि दुपारभर ऊन आत येत असेल तर नुसतं इपॉक्सी पिवळं पडतं, वर उन्हात न पिवळणाऱ्या अ‍ॅलिफॅटिक पीयू किंवा पॉलिअ‍ॅस्पार्टिकचा थर लागतो. त्या नावाखाली साधा अ‍ॅक्रिलिक वार्निश मारणारेही आहेत. तिथेही डबा आणि टीडीएस बघणं एवढाच इलाज.

याच गॅरेजातल्या कपाटांची गोष्ट थोडी वेगळी, पण कारागिरी तीच. ‘मरीन प्लाय’ म्हणून जे आलं ते वरून सनमायका, कडेला एज बँडिंग, आत पार्टिकल बोर्ड. बिजागरीच्या खोबणीत टॉर्च मारला की दिसतं: प्लायमध्ये एकावर एक पदर दिसतात, पार्टिकल बोर्डात भुश्शाचे तुकडे. एज बँडिंग करण्याआधी एक कापलेली कड बघायला मागा, एवढ्याने काम होतं. मरीन प्लायच्या फळीवर आयएस ७१० हा भारतीय मानक क्रमांक आणि सीएमएलने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की परवाना खरा की खोटा ते कळतं. आयएस ३०३ लिहिलेलं एमआर, म्हणजे थोडाच दमटपणा सोसणारं, प्लाय घरातल्या कपाटाला चालतं, ओलसर गॅरेजला नाही. शंका उरलीच तर तुकडा उकळत्या पाण्यात टाका. मरीन प्लायच्या डिंकाने ७२ तास टिकायचं असतं, पार्टिकल बोर्ड मात्र पहिल्याच तासात फुगून सांगून टाकतं.

लोखंडी कपाटात फसवणूक गेजची. २० गेज म्हणजे ०.९ मिलिमीटर, २४ गेज म्हणजे ०.५६. बोलताना २०, पाठवताना २४. पावडर कोटिंगवरून काही कळत नाही, वजनावरून कळतं: १ मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो भरतो. तीन फूट बाय दीड फूट फळी, दुमडलेल्या कडा धरून, साधारण अर्धा चौरस मीटर. २० गेजची साडेतीन किलोच्या आसपास, २४ गेजची सव्वादोन. घरातल्या वजनकाट्यावर ठेवा. आणि ‘स्टेनलेस ३०४’ बिजागऱ्यांना चुंबक लावून खात्री करून घेणारे बरेच आहेत; २०२ ही स्वस्तातली जातसुद्धा चुंबकाला तशी चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेत दोन्ही पास.

उंचीकडेही बघा. कपाट फरशीवर टेकवून ठेवलं की फरशी धुताना खालची कड रोज भिजते. चार ते सहा इंची पाय आणि खाली पीव्हीसीचे बूट हवेत. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी ज्या सोसायट्यांत शिरलं, तिथे पायांचाही उपयोग नव्हता. अशा भागात कपाट भिंतीला टांगलेलंच बरं. मात्र भिंत एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ब्लॉकची असेल तर साधा फास्टनर भार पडला की सुटतो, तिथे रसायनाने भोकात चिकटवलेला केमिकल अँकर लागतो. हे कोटेशनमध्ये लिहिलेलं नसेल तर तो कोणी बसवणार नाही.

पैशांचं म्हणाल तर सत्तर टक्के आधी देऊ नका. माल मोजून उतरवला की ३०, ग्राइंडिंग आणि प्रायमर बघितलं की ४०, उरलेले ३० गाडी आठवडाभर उभी राहिल्यावर. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. कच्च्या चिठ्ठीवरची १० वर्षांची वॉरंटी त्या चिठ्ठीइतकीच टिकते. वाद झालाच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग: कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तिथे न्यायची वस्तू म्हणजे तो पापुद्रा, तारीख लिहिलेल्या पाकिटात, मापलेल्या जाडीसह. सोबत डब्यांचे फोटो आणि यूपीआयची नोंद. काकांनी पापुद्रे झाडून टाकले होते. कपाटाखाली हात घातल्यावर एक सापडला.