ताडोबातील सकाळची सफारी आणि जंगल वाचणारा गाइड

मे महिन्यात मोहर्ली गेटमधून ताडोबाच्या कोअर (गाभ्याच्या) क्षेत्रात आम्ही सकाळची जिप्सी सफारी केली. तिचे मोल ठरवताना मी आमच्या गाइडला सर्वांत जास्त गुण देईन, कारण जवळच्याच गावातल्या या माणसाने वाघीण नजरेस पडण्याच्या दीड तास आधीपासून तिची ओळख करून दिली.

धुळीतला ताजा ठसा दिसताच त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. ठसा लांबट आहे म्हणजे बहुधा मादीचा, आणि वाघ चालताना नखे आत ओढून घेतो म्हणून त्यात नखांच्या खुणा नाहीत, हे त्यांनी गाडीतूनच दाखवले. पुढे ऐनाच्या एका खोडाजवळून जाताना बासमती शिजत असल्यासारखा वास आला. वाघ शेपटी उभारून झाडावर जो फवारा मारतो, त्यात बासमतीला सुगंध देणारे द्रव्यच असते, आणि त्या वासावरून इतर वाघांना हद्द कोणाची हे कळते. हे मी पूर्वी वाचले होते, पण पटले ते त्या खोडापाशी.

चितळ ओरडले तेव्हा गाइड शांत राहिले. सांबराने हाळी देताच मात्र, ती वाघाची जास्त खात्रीची खूण म्हणून, त्यांनी गाडी पाणवठ्याकडे घ्यायला लावली. तिथे वाघीण तोंड काठाकडे ठेवून, मागचे पाय आधी टाकत, सावकाश पाण्यात बसली आणि पाठोपाठ दोन बछडे आले. बछडे साधारण दोन वर्षांचे होईपर्यंत आईजवळ राहतात. त्यानंतर माद्या बहुधा आईच्या हद्दीलगत स्थिरावतात आणि नर दूर निघून जातात, असे ते कुजबुजत सांगत होते. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघून सुमारे ३,००० किलोमीटर फिरत शेवटी ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावलेला तरुण नर मला तेव्हा आठवला.

एक गोष्ट मनाला फार लागली. फोटोसाठी दोन जिप्सी वाघिणीच्या परतीच्या वाटेवरच आडव्या लावल्या गेल्या आणि ती पाण्यातून उठून दोनदा मागे फिरली. अशा वेळी पर्यटकांनीच चालकाला गाडी मागे घ्यायला सांगायला हवे. आमच्या गाइडने आमची गाडी बरीच मागे घेतली, त्यामुळे फोटो लहान आले, परंतु थोड्या वेळाने वाघीण बछड्यांना घेऊन त्याच मोकळ्या बाजूने बांबूत शिरली.

मंगळवारी सफारी बंद असते आणि कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, हे लक्षात ठेवून बुकिंग करावे.