लॉ आणि क्रिमिनॉलॉजी: इंग्लंडमधली जोडपदवी घ्यावी का?

इंग्लंड आणि वेल्समधली बरीच विद्यापीठं बारावीनंतर तीन वर्षांची लॉ आणि क्रिमिनॉलॉजीची (गुन्हेगारीशास्त्राची) जोडपदवी देतात. माहितीपत्रकावर बेड्यांचा नाहीतर पिवळ्या पोलिसी पट्टीचा फोटो हमखास असतो. तो पाहून झाला की सरळ मॉड्यूलच्या यादीवर यावं, कारण जवळजवळ सारख्या नावांखाली तीन निरनिराळे अभ्यासक्रम विकले जातात. ‘लॉ विथ क्रिमिनॉलॉजी’ या एलएलबीत साधारण पाऊण भाग कायदा असतो. ‘लॉ अँड क्रिमिनॉलॉजी’ हा कागदोपत्री निम्मा-निम्मा मामला. आणि यातलंच नाव धारण करणारी बीएची पदवी असेल, तर कायद्याचे अनिवार्य विषय त्यात पूर्ण असतीलच असं नाही. नाव बघून फॉर्म भरणारे बहुधा इथेच फसतात.

क्रेडिटचा हिशेब मांडला की चित्र साफ होतं. तीन वर्षांचे ३६० क्रेडिट, दरवर्षी १२०. बॅरिस्टर, म्हणजे मुख्यतः कोर्टात बाजू मांडणारा वकील, व्हायचं तर बार स्टँडर्ड्स बोर्ड या नियामक संस्थेला सात पायाभूत विषय झालेले लागतात: करार, टॉर्ट (करार नसतानाही दुसऱ्याच्या नुकसानीची दिवाणी जबाबदारी), फौजदारी कायदा, सार्वजनिक कायदा, जमीन-मालमत्तेचा कायदा, इक्विटी (न्यायबुद्धीवर उभे राहिलेले नियम) आणि ट्रस्ट (दुसऱ्यासाठी मालमत्ता सांभाळणं), आणि युरोपियन युनियनचा कायदा. शिवाय पदवी किमान २:२, म्हणजे द्वितीय श्रेणीच्या खालच्या विभागाची, हवी. प्रत्येक विषय २० क्रेडिटचा धरला तर सातांचे १४० झाले. न्यायव्यवस्थेची ओळख आणि कायद्याचं वाचन-लेखन शिकवणारं पहिल्या वर्षाचं मॉड्यूल धरून १६०. निम्म्या-निम्म्या पदवीत कायद्याच्या वाट्याला १८० येतात, म्हणजे निवडीला उरलं एक मॉड्यूल. कंपनी कायदा, कौटुंबिक कायदा, कामगार कायदा, मानवी हक्क आणि पुराव्याचा कायदा हे सगळे त्या एका जागेसाठी भांडतात. गुन्ह्यांच्या ओढीने आलेल्या विद्यार्थ्याला पुराव्याचा कायदा खरं तर सर्वांत जास्त उपयोगी, पण तो अनेक ठिकाणी तिसऱ्या वर्षाचा ऐच्छिक विषय असतो आणि वेळापत्रकात क्रिमिनॉलॉजीच्या तासावर आदळतो. अर्ज करण्याआधी ही एक गोष्ट विभागाला ईमेलने विचारून घ्यावी.

सॉलिसिटर, म्हणजे मुख्यतः अशिलाला सल्ला देणारा नि कागदपत्रं करणारा वकील, व्हायचं असेल तर सात विषयांची सक्ती १ सप्टेंबर २०२१ पासून राहिली नाही. आता कोणतीही पदवी, एसक्यूई या सॉलिसिटरच्या पात्रता परीक्षेचे दोन टप्पे, दोन वर्षांचा कामाचा अनुभव आणि चारित्र्याची तपासणी असा रस्ता आहे. ‘मग लँड लॉ कशाला?’ असा प्रश्न इथून निघतो. एसक्यूईच्या पहिल्या टप्प्यात १८० प्रश्नांचा एक असे दोन बहुपर्यायी पेपर असतात, आणि दुसऱ्या पेपरात फौजदारी कायद्याच्या शेजारी जमीन, ट्रस्ट, मृत्युपत्रं आणि सॉलिसिटरच्या हिशेबवह्या बसलेल्या असतात. पदवीत टाळलेला विषय तिथे स्वतःच्या खर्चाने शिकावा लागतो. नुसती दोन्ही टप्प्यांची परीक्षा फीच जवळपास पाच हजार पौंडांच्या घरात जाते, तयारीचा क्लास वेगळा.

दुसरं वर्ष या पदवीतलं सर्वांत अवघड. पहिल्या वर्षाचे गुण बहुतेक ठिकाणी अंतिम श्रेणीत धरत नाहीत. दुसऱ्या वर्षाचे धरतात, आणि जमीन कायदा नि ट्रस्ट बहुधा त्याच वर्षी येतात. खून, दरोडा, तुरुंग वाचायला आलेल्या मुलांना १९२५ चा मालमत्ता कायदा आणि २००२ चा जमीन नोंदणी कायदा डोक्यावरून जातो, कारण तिथे गोष्ट नसते, नुसती एकात एक अडकलेली कलमं असतात. उपाय कंटाळवाणा आहे: नोंदणी झालेली जमीन आणि न झालेली जमीन यांचे वेगळे तक्ते पहिल्या आठवड्यापासून करणे. ट्रस्टबद्दल मात्र तक्रार करणाऱ्यांनी जरा थांबावं. लाच म्हणून घेतलेला पैसा कोणाचा, या प्रश्नावर युकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये एफएचआर युरोपियन व्हेंचर्सच्या खटल्यात सांगितलं की एजंटने घेतलेली लाच किंवा गुप्त कमिशन तो आपल्या मालकासाठी ट्रस्टी म्हणून धरून असतो. एडविन सदरलँडने १९३९ मध्ये पांढरपेशी गुन्हेगारीची कल्पना मांडली, तिच्यावरच्या निबंधात हा निकाल नेमका बसतो. असे सांधे शिक्षक क्वचितच दाखवून देतात. एक लॉ स्कूलचा असतो, दुसरा समाजशास्त्राच्या इमारतीतला, आणि दोघांनी एकमेकांचा अभ्यासक्रम वाचलेला नसतो.

दोन्ही बाजू जिथे खरोखर एकत्र येतात तिथे ही पदवी उत्तम आहे. चोरीच घ्या. १९६८ च्या थेफ्ट अॅक्टचं पहिलं कलम पाच घटक मागतं: अप्रामाणिकपणा, स्वतःची म्हणून वागवणं, मालमत्ता, ती दुसऱ्याची असणं, आणि कायमची हिरावून घेण्याचा इरादा. अप्रामाणिकपणाची कसोटी १९८२ च्या घोष खटल्याची होती. २०१७ मध्ये आयव्ही खटल्यात सुप्रीम कोर्टाने ती बाजूला सारली आणि २०२० मध्ये बार्टन खटल्यात अपील कोर्टाने नवी कसोटी फौजदारी खटल्यांना लागू असल्याचं पक्कं केलं. आरोपीला वस्तुस्थिती काय वाटत होती ते आधी ठरवायचं आणि मग सामान्य सभ्य माणसाच्या मापाने ते वागणं जोखायचं. आपलं वागणं लोक अप्रामाणिक मानतील हे आरोपीला कळत होतं का, हा घोषमधला दुसरा प्रश्न गेला. लॉचा तास इथे संपतो.

क्रिमिनॉलॉजीचा तास विचारतो, किती चोऱ्या पोलिसांपर्यंत पोचतात? पोलिसांच्या नोंदी एक आकडा देतात आणि १९८२ पासून चालू असलेला क्राइम सर्व्हे (गुन्ह्यांच्या अनुभवांचं सर्वेक्षण) दुसरा, कारण तो घरोघरी जाऊन पोलिसांना न कळवलेले अनुभवही विचारतो. या सर्वेक्षणाच्या मर्यादा परीक्षेत नक्की विचारतात. तो घरांचा असल्याने दुकानातली चोरी त्यात येत नाही, बेघर आणि कैदी येत नाहीत, आणि खुनाचा बळी उत्तर द्यायला नसतो. उलट बाजूने, पोलिसांच्या आकड्यांचा ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ हा दर्जा नोंदींच्या अविश्वासार्हतेमुळे जानेवारी २०१४ मध्ये काढून घेतला गेला. हे ठाऊक असलेला विद्यार्थी ‘गुन्हे वाढले’ असं वाक्य लिहिताना आधी ‘कोणत्या मोजणीत?’ असं विचारतो. निव्वळ लॉ केलेल्यांपैकी फार थोड्यांना ही सवय असते.

२०१६ चा जोगी निकाल हा दुसरा असाच विषय. टोळक्यातल्या एकाने खून केला आणि दुसऱ्याला तसं होऊ शकतं एवढी कल्पना होती, तर तेवढ्यावर दुसराही खुनी ठरत होता. १९८४ च्या चॅन विंग-सिऊ खटल्यापासून कायद्याने चुकीचं वळण घेतलं, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं आणि ती कल्पना इराद्याचा केवळ पुरावा ठरवली. कायद्याच्या उत्तराला एवढं पुरतं. ‘टोळी’ हे लेबल कोणत्या मुलांना चिकटतं आणि ज्यूरीसमोर ते काय काम करतं, हा भाग क्रिमिनॉलॉजीचा. दोन्ही एकाच डिझर्टेशनमध्ये (पदवीच्या शेवटच्या प्रबंधात) मांडता येतात.

पण लिहिण्याच्या रीती दोन आहेत आणि गुण तिथे गळतात. लॉचा प्रॉब्लेम क्वेश्चन, म्हणजे काल्पनिक प्रसंगावरचा प्रश्न, मुद्दा, नियम, नियमाचा वापर, निष्कर्ष या क्रमाने सोडवायचा. तिथे समाजाची कारणमीमांसा सुरू केली की परीक्षक रेघ मारतो. क्रिमिनॉलॉजीत नेमकं उलट: नियम पाठ म्हटले तर ‘वर्णनात्मक’ असा शेरा मिळतो. तिथला नेहमीचा दोष म्हणजे बेकारिया, लोम्ब्रोसो, दुर्खीम, मर्टन अशी सिद्धांतकारांची वरात काढणं. दोनच सिद्धांत घ्यावेत, एका प्रत्यक्ष पुराव्यावर घासून बघावेत. संदर्भांचंही तेच. लॉला ओस्कोला पद्धतीच्या तळटिपा, क्रिमिनॉलॉजीला हार्वर्ड किंवा एपीए. झोटेरो या संदर्भ साठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन वेगळे संग्रह करून ठेवले की घोळ टळतो. डिझर्टेशनला कोणती पद्धत चालेल हे मार्गदर्शकाकडून आधी लेखी घ्यावं.

या पदवीतला सर्वांत दुर्लक्षित आणि आमच्या मते सर्वांत मोलाचा भाग संशोधन पद्धतींचा. एसपीएसएस किंवा आर ही सांख्यिकीची सॉफ्टवेअर वापरून सर्वेक्षणाचे तक्ते काढणं, नमुना कसा घेतला ते तपासणं, मुलाखतींचं संकेतन (उत्तरांना विषयवार खुणा देणं). मुलं तो कसाबसा उरकतात. ज्या विद्यापीठाने जोडपदवीवाल्यांना हे मॉड्यूल ऐच्छिक ठेवलंय तिथली क्रिमिनॉलॉजी वर्तमानपत्रं वाचण्यापलीकडे फारशी जात नाही, असं खुशाल समजावं.

डिझर्टेशनचे दोन विषय हमखास कोसळतात. पहिला, कैद्यांच्या मुलाखती. इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगात संशोधनाला तुरुंग आणि प्रोबेशन (गुन्हेगारांवर तुरुंगाबाहेर देखरेख) सेवेच्या राष्ट्रीय संशोधन समितीची मंजुरी लागते. पदवीच्या विद्यार्थ्याने ती गृहीत धरू नये. दुसरा, ज्यूरी कसा विचार करते. ज्यूरी कारणं देत नाही, आणि तिच्या खोलीतली चर्चा बाहेर काढणं १९७४ च्या ज्यूरी कायद्याच्या कलम २०डी प्रमाणे गुन्हा आहे. त्याऐवजी तुरुंग निरीक्षकांचे अहवाल, प्रसिद्ध झालेली शिक्षा सुनावतानाची भाषणं, नॅशनल आर्काइव्ह्जने २०२२ मध्ये सुरू केलेली निकालांची मोफत सेवा, किंवा युके डेटा सर्व्हिस या संशोधन-माहितीच्या संग्रहातले क्राइम सर्व्हेचे संच घ्यावेत. संचांसाठी नोंदणी करून परवान्याच्या अटी मान्य कराव्या लागतात आणि विद्यापीठाची नीतिमत्ता समिती दुय्यम माहितीसाठीही छोटा फॉर्म मागते. फॉर्म तिसऱ्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यात भरावा.

बोटांचे ठसे, डीएनए, गुन्हेगाराचं प्रोफाइल बनवणं यांतलं काही इथे शिकवत नाहीत. फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट व्हायला ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असलेली मानसशास्त्राची पदवी किंवा रूपांतर अभ्यासक्रम लागतो. स्कॉटलंडचा कायदाच निराळा आहे, त्यामुळे तिथे वकिली करायची असेल तर इंग्लंडची एलएलबी सरळ चालत नाही. आणि भारतात परतून कोर्टात उभं राहायचं असेल, तर बारावीनंतरची ही तीन वर्षं सनदेला पुरत नाहीत. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या अटी आणि पात्रता परीक्षा पार करावी लागते. हा हिशेब प्रवेशाआधी करायचा.

कोणाला शिफारस करावी? फौजदारी वकिली, प्रोबेशन, न्यायधोरण किंवा पोलिस यंत्रणेवरचं संशोधन असं काही मनात असणाऱ्यांना, तेही ‘लॉ विथ क्रिमिनॉलॉजी’ रूपात, सात विषय पक्के असतील तर. कॉर्पोरेट लॉ फर्मचं स्वप्न असेल तर साधी एलएलबी बरी. तिथे कंपनी कायद्याला जागा तरी मिळते. निम्म्या-निम्म्या पदवीचं पत्र हातात पडलंच असेल, तर मान्य करण्यापूर्वी तीन वर्षांची मॉड्यूल यादी क्रेडिटसकट मागवा, सात विषयांवर खूण करा, आणि खूण न झालेला विषय एक वर्षाच्या रूपांतर डिप्लोमात भरून काढायला किती खर्च येईल ते त्याच कागदावर लिहा.