टेबलावरचे घरी बांधलेले प्लेनर स्पीकर: दिवाळी ते गणपती वापरल्यावर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बांधलेली ही जोडी गणपतीपर्यंत जवळजवळ रोज वाजली. निकाल आधीच सांगून टाकतो. खुर्चीत बसून जवळून गाणं ऐकायचं असेल तर या पैशात मी दुसरं काही घेणार नाही. पण टेबल भिंतीपासून हलवायची तयारी नसेल, तर या फंदात पडूच नका.

प्लेनर हेडफोन वापरलेल्यांना तत्त्व ओळखीचं असेल. साध्या स्पीकरसारखा शंकूच्या आकाराचा पडदा नाही, त्याला ढकलणारी व्हॉइस कॉइल नाही. पातळ फिल्मवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, मागे मॅग्नेटच्या रांगा असतात आणि पट्ट्यांतून करंट गेला की अख्खी फिल्म हलते. अमेरिकेत मिनेसोटामध्ये थ्रीएमचे इंजिनिअर जिम वायनी यांनी १९६९ मध्ये मॅग्नेपॅन काढली, ती याच तत्त्वावर. त्यांचे मोठे पॅनल माणसाएवढे उंच असतात. माझ्या पॅनलचा वाजणारा भाग ४० सेंटीमीटर उंच आणि साधारण ८ सेंटीमीटर रुंद आहे, म्हणजे मॉनिटरच्या बाजूला मावेल इतकाच.

बांधणी थोडक्यात. दीड मिलिमीटरचा भोकं असलेला लोखंडी पत्रा, त्यावर निओडिमियम मॅग्नेटच्या पाच उभ्या रांगा, शेजारच्या रांगांचे ध्रुव उलटसुलट. दोन रांगांमध्ये एक फट, अशा चार फटी. प्रत्येक फटीसमोर फिल्मवर चार पट्ट्या येतात आणि एका फटीतल्या चारही पट्ट्यांत करंट एकाच दिशेने जावा लागतो. म्हणून नुसती नागमोडी पट्टी चालत नाही. लांबट वेटोळ्याच्या दोन कॉइल कराव्या लागतात आणि प्रत्येकीचं आतलं टोक जंपरने, म्हणजे जोडवायरीने, बाहेर काढावं लागतं. फिल्म १२ मायक्रॉनची मायलार म्हणजे पॉलिएस्टर, पट्टी ४ मिलिमीटर रुंद, फॉइल स्वयंपाकघरातलंच, ११ मायक्रॉनचं. हिशोब सोपा आहे: अशा पट्टीचा रेझिस्टन्स मीटरला सुमारे ०.६४ ओहम येतो. ४० सेंटीमीटरच्या सोळा पट्ट्या म्हणजे ६.४ मीटर, म्हणजे चार ओहमच्या किंचित वर. मल्टिमीटरनेही तेच दाखवलं. आणि हा आकडा सगळ्या फ्रीक्वेन्सींना जवळपास तेवढाच राहतो, कारण ॲम्प्लिफायरच्या दृष्टीने प्लेनर म्हणजे जवळजवळ निव्वळ रेझिस्टर. त्यामुळे टीपीए३११६ चिपचा स्वस्त क्लास-डी ॲम्प्लिफायर बोर्डही कुरकुर न करता चालवतो.

फिल्म आणि फॉइलचा खर्च किरकोळ. पैसा मॅग्नेटमध्ये जातो, निम्म्याहून जास्त. ५० बाय १० मिलिमीटरचे तुकडे घेतले तर एका पॅनलला चाळीस लागतात. बोर्ड, टर्मिनल, वायर वगैरे सगळं पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मिळालं. मॅग्नेट मात्र ऑनलाइन मागवावे लागले. ते लावताना एका वेळी एकच तुकडा बाहेर ठेवा आणि बाकीचे दुसऱ्या खोलीत. दोन तुकडे हवेतून एकमेकांवर आपटले की टवका उडतो, मध्ये बोट आलं तर काळंनिळं होतं.

आता आवाज. तंबोऱ्याची जवारी या स्पीकरवर ऐका. खर्जाच्या तारेतून वर सुटणारे सूर एकमेकांत गढूळ होत नाहीत, वेगळे ऐकू येतात. ख्यालात गायिका श्वास घेऊन ‘सा’वर येते, त्या जागी साध्या बुकशेल्फ स्पीकरवर जो बोथटपणा वाटायचा तो इथे नाही. वजनच इतकं कमी आहे की फिल्म सूर लागला की हलते आणि सुटला की थांबते. दुसरं कारण टेबलाचं. साध्या स्पीकरचा आवाज टेबलाच्या पृष्ठभागावर आपटून कानाशी येतो आणि मधल्या फ्रीक्वेन्सी बिघडवतो. उंच अरुंद पॅनल वरखाली आवाज कमी फेकतं, त्यामुळे हा त्रास बराच घटतो. माझ्या मते टेबलावर प्लेनर ठेवण्याचं हेच खरं कारण. बाकी ‘पारदर्शक’ वगैरे विशेषणं कंपन्यांच्या जाहिरातींना लखलाभ.

बेस मात्र पॅनलकडून मागू नका. मागची बाजू उघडी, त्यामुळे मागचा उलट फेजमधला, म्हणजे पुढच्याच्या बरोबर उलट हेलकाव्याचा, आवाज वळसा घालून पुढच्याला खातो. दोन्ही बाजूंना प्लायवूडचे पंख लावून रुंदी ३० सेंटीमीटर केली, तरी ५००-६०० हर्ट्झच्या खाली उतार लागतोच. इक्वलायझरने तो २८० पर्यंत भरून काढता येतो. त्याखाली फिल्म इतकी हलू लागते की मॅग्नेटला टेकेल, मधलं अंतर जेमतेम अडीच मिलिमीटर आहे. २८० हर्ट्झच्या खालचा आवाज सांभाळायला एकच सबवूफर टेबलाखाली ठेवून भागत नाही; डग्गा पायाशी आणि चाट समोर असं विचित्र ऐकू येतं. म्हणून प्रत्येक पॅनलखाली साडेसहा इंची वूफरचा बंद डबा आहे. त्या उंचीमुळे पॅनलचा मध्य नेमका कानाशी येतो, हा वरचा फायदा. पॅनल आणि वूफरमधली फ्रीक्वेन्सींची विभागणी मिनीडीएसपी या डिजिटल प्रोसेसरवर (डीएसपी), मोजमाप आरईडब्ल्यू हे सॉफ्टवेअर आणि यूएसबी मायक्रोफोनने. मोजल्याशिवाय हे स्पीकर जुळवता येतात असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

भिंतीचं प्रकरण. मागे १० सेंटीमीटर जागा असेल तर मागचा आवाज २० सेंटीमीटर जास्त चालून पुढच्याला येऊन मिळतो आणि १७०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, म्हणजे बरोबर गळ्याच्या जागी. ग्राफवर तो दिसतो, पण त्याआधी कानाला कळतो: गाणारा माणूस रुमालातून गातोय असं वाटतं. टेबल ४५ सेंटीमीटर पुढे ओढलं, मागे ५० मिलिमीटर रॉकवूलचा (आवाज शोषणाऱ्या खनिज तंतूंचा) कापडात गुंडाळलेला तक्ता उभा केला, तेव्हा आवाज मोकळा झाला. आमच्या दहा बाय अकराच्या खोलीत ४५ सेंटीमीटर म्हणजे कपाटाचं एक दार अर्धंच उघडणं. आईने पहिल्या दिवशी विचारलं, “अरे, या पापड वाळवायच्या जाळ्या टेबलावर कशाला?” कपाटाबद्दल ती अजून रोज विचारते.

ऐकायची जागाही एकच. ८ सेंटीमीटर रुंदीचा पडदा ४ किलोहर्ट्झच्या वर आवाज अरुंद करत जातो. खुर्ची थोडी सरकली की झांजा आणि टाळ विझतात. एकट्याने काम करणाऱ्याला हे चालतं. दोघांनी मिळून मॅच बघायची असेल तर दुसरे स्पीकर लावा.

ऋतूंनी काय केलं? एप्रिलमध्ये डाव्या पॅनलची फिल्म सैलावली आणि बासरीच्या खालच्या सुरांवर खरखर सुरू झाली. मायलार काळानुसार थोडी ताण सोडतेच. हेअर ड्रायर फिरवून पुन्हा आवळली. तेव्हापासून ठीक आहे. पावसाळ्याचा त्रास वेगळा. ॲल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही, म्हणून जोड पितळी स्क्रूखाली दाबून केलेले आहेत. जुलैत उजवा स्पीकर मध्येच दबायचा, थाप मारली की परत यायचा. मल्टिमीटरवर चार ओहमच्या जागी पाच, साडेपाच, असा आकडा डुलत होता. स्क्रू काढला तर फॉइलवर पांढरी भुकटी आणि कडेला बारीक भोकं. पितळ, ॲल्युमिनियम आणि ओलावा एकत्र आले की हे होतंच. फॉइलचं ते टोक कापून, कल्हई केलेल्या तांब्याच्या पट्टीखाली दाबून, वर पेट्रोलियम जेली फासली. ऑगस्टभर आकडा हलला नाही. किनारपट्टीला राहणाऱ्यांनी ही जेली पहिल्या दिवसापासूनच लावा.

धूळ आणि लोखंडाचा कीस यांपासून वाचवायला पुढे-मागे पातळ मलमल ताणली आहे. कापडाने आवाज जाणवण्याइतका दबत नाही. शेजारी ग्रिलचं काम निघालं तर मात्र स्पीकर पूर्ण झाका. कीस मॅग्नेटवर बसला की ब्रशने निघत नाही, चिकटपट्टी दाबून टिपावा लागतो.

ज्यांना फिल्म ताणण्यात रस नाही, फक्त असा आवाज हवा आहे, त्यांनी तयार प्लेनर ड्रायव्हर घ्यावा. जीआरएससारख्या कंपन्यांचे आठ इंची मिळतात. त्यांना चौकट, वूफर आणि डीएसपी दिलं की काम झालं. भिंतीपासूनचं अंतर तेवढंच सोडावं लागेल.