उघड्या रानात ब्लूटूथ स्पीकर: फ्लिप 6 आणि चार्ज 5, रोपलावणीपासून मळणीपर्यंत

दुकानात ऐकून स्पीकर निवडू नका, हे आधीच सांगतो. बेळगावात ज्या काचेच्या खोलीत ते वाजवून दाखवतात, तिथं भिंती, छत, फरशी सगळीकडून आवाज परत येतो आणि बेस अंगावर येतो. जांबोटीकडच्या आमच्या शेतात भिंत कसली? बांध, भात आणि पलीकडं जंगल. तिथं गेलेला आवाज परत येत नाही, आणि सगळ्यात आधी गळतो तो बेसच. शिवाय मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलनी उतरतो. उलट स्पीकरची ताकद वॅटमध्ये दुप्पट केली तर वाढतात फक्त 3 डेसिबल. म्हणजे 20 ऐवजी 40 वॅटचा घेतला तरी बांधाच्या टोकाला उभ्या माणसाला फार फरक कळत नाही.

माझ्याकडं जेबीएलचा फ्लिप 6 आहे, चुलत भावाकडं त्याच कंपनीचा चार्ज 5. आमची शेतं एकमेकांना लागून, त्यामुळं दोन्ही एकाच बांधावर ठेवून ऐकायला मिळाले. कागदावरचा हिशोब असा: फ्लिप 6 म्हणजे 30 वॅट, वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर, बॅटरी 12 तास, पूर्ण चार्ज व्हायला अडीच तास. चार्ज 5 म्हणजे 40 वॅट, वजन जवळपास किलोभर, बॅटरी 20 तास, चार्जिंगला चार तास, आणि त्यावरून मोबाइलही चार्ज होतो. दोन्हींना आयपी67, म्हणजे पाणी आणि धुळीपासून बचावाचा दर्जा. घेतला तेव्हा किमतीत चारेक हजारांचा फरक होता.

ऐकायचं काय, यावर सगळं ठरतं. आमच्याकडं जास्त वाजतात अभंग, नाट्यसंगीत आणि कुमार गंधर्व. ते आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, 1924 सालचा जन्म, त्यामुळं वडिलांचा त्यांच्यावर हक्कच आहे. त्यांचा आवाज मधेच अगदी बारीक होतो, श्वासाएवढा, आणि मागं तंबोरा चालूच असतो. स्पीकर तपासायला याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही. दोन्ही स्पीकरांत वरच्या सुरांसाठी वेगळा छोटा ट्विटर असल्यानं शब्द स्वच्छ येतात. घरात आधीपासून एक स्वस्तातला होता (नाव घेत नाही), त्यात पखवाज घुमायचा आणि शब्द गिळले जायचे. चार्ज 5 वर पखवाजाला जास्त अंग येतं, हे खरं. पण चार हात लांब गेलं की मला दोन्हींत गाणं सारखंच कळतं. डीजेची गाणी ऐकणाऱ्याचं मत वेगळं असेल, त्यानं चार्ज 5 घ्यावा आणि शेजाऱ्यांचा विचार करावा.

कुठं ठेवता याला मात्र फार महत्त्व आहे. गवतात किंवा बांधाखाली ठेवला तर आवाज मातीतच राहतो. खोपीच्या भिंतीला किंवा दगडी गडग्याला पाठ लावून, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवला तर बेसही परत येतो आणि आवाज कमी ठेवूनही भागतं. मी तो खोपीच्या कोपऱ्यात फळीवर ठेवतो. पलीकडच्या शेतातले काका पहिल्या दिवशी "कुणाचा रेडिओ वाजूलालाय रे?" म्हणत आले, तेव्हा आवाज अर्ध्यावरही नव्हता.

दुसरी गोष्ट फोनची. फोन मागच्या खिशात ठेवून स्पीकरकडं तोंड करून चाललं की गाणं तुटतं, आणि लोक स्पीकरला शिव्या घालतात. ब्लूटूथच्या लहरी 2.4 गिगाहर्ट्झच्या, आणि आपलं शरीर म्हणजे बरंचसं पाणी, ते त्या लहरी शोषून घेतं. घरात लहरी भिंतींवर आपटून वळसा घालून पोचतात, रानात तो वळसाच नाही. फोन स्पीकरजवळ फळीवर ठेवा, नाहीतर पुढच्या खिशात. माझी तक्रार त्यानंतर संपली.

पावसाबद्दल बोलायलाच हवं, कारण खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला पाऊस काय असतो हे सांगायला नको. आयपी67 मधला 7 म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास, आणि 6 म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही. पुष्कळ स्पीकरांवर आयपीएक्स7 लिहिलेलं असतं. त्यातला एक्स म्हणजे धुळीची चाचणीच झालेली नाही. रोपलावणीत चिखलानं माखलेला फ्लिप मी नळाखाली धुतला, काही झालं नाही. पण माझ्या मते खरी परीक्षा मळणीची. खळ्यावरचा भुसा आणि बारीक धूळ जाळीत बसते, आणि पावसापेक्षा तीच चिवट. मऊ ब्रशनं झाडून मग धुतला की निघते. ओला असताना चार्जिंगची वायर लावायची नाही, एवढी शिस्त पाळावी. मी रात्रभर कोरडा होऊ देतो.

बॅटरीचे 12 किंवा 20 तास हे मध्यम आवाजातले असतात. आवाज चढवला की ते भराभर उतरतात, कुठलाही स्पीकर असू दे. रात्रीच्या राखणीला, रानडुकरं यायच्या वेळी, मी फोनमधली गाणी हळू लावून ठेवतो आणि फ्लिप पहाटेपर्यंत पुरतो. डुकरं या आवाजाला दोन-चार रात्री बिचकतात, मग सरावतात. नुसत्या स्पीकरवर पीक राखलं जाईल अशी आशा ठेवू नका. दोन्हींत एफएम नाही. धारवाड किंवा सांगली केंद्र ऐकायचं तर प्रसार भारतीचं न्यूजऑनएअर ॲप आणि त्यासाठी नेटवर्क लागतं, जे आमच्याकडं खोपीबाहेर एका ठरलेल्या दगडावर उभं राहिल्यावर मिळतं. म्हणून वडिलांचा सेलवरचा रेडिओ अजून खुंटीला आहे, आणि राहू दे.

भजनी मंडळासाठी विचारत असाल तर हे दोन्ही विसरा. यात माइक लावता येत नाही, वायर जोडायला साधी ऑक्सची पिनही नाही. त्यासाठी चाकांचा ट्रॉली स्पीकर घ्या. आणि राजहंसगडावर किंवा चोर्ल्याकडं फिरायला नेणार असाल तर लोकांपासून लांब बसा. भीमगड अभयारण्याच्या बाजूला मात्र तो पिशवीतून काढूच नका. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकरला 2000 सालच्या नियमांनी तशीही बंदी आहे, आणि जंगलात तर दिवसाही काय गरज?

घ्यायचा कुठला? पायी हिंडणाऱ्यानं, डबा-विळ्यासोबत पिशवीत टाकणाऱ्यानं फ्लिप 6. ज्याच्या खोपीत वीज नाही आणि दोन-दोन दिवस मुक्काम असतो, त्यानं चार्ज 5. भाऊ त्यावर फोन चार्ज करतो, आणि वीज गेलेल्या संध्याकाळी माझाही तिथंच लागलेला असतो. मला परत घ्यायचा झाला तर फ्लिपच घेईन, वाचलेल्या पैशांत बॅटरी-टॉर्च येते.